जाऊबाईंनी पाहिलेलं हसू

जाहीर निवेदन. मेडशी व पंचक्रोशीतील समस्त जनतेस कळविण्यात येते की, माणसाचं मन हा अत्यंत बिनभरवशाचा साक्षीदार असून, त्याचा रोकडा पुरावा आमच्या अंगणात, वांगी निवडताना सापडला आहे. हरकत असल्यास घरी यावे. चहा मिळेल.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी घरबसल्या एम.ए.ला नाव घातलं, विषय मानसशास्त्र. त्यातला एक पेपर गुन्हा, साक्ष आणि न्याय यांत मन काय काय उद्योग करतं यावर होता. थोरल्या जाऊबाईंना माझा अभ्यास म्हणजे फुकटची करमणूक. "आता या वयात कायले डोये फोडून राह्यली वं?" हे रोजचंच.

त्याच सुमारास आमच्या वांग्याच्या वावरातली विहिरीवरची मोटार चोरीला गेली. चोर पाहिला तो जाऊबाईंनीच. दिवेलागणीची वेळ, खांद्यावर मोटार, डोक्याला पोपटी काठाचा दुपट्टा. त्यांनी नाव घेतलं ते मागच्या गल्लीतल्या पोराचं, जो पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मालेगाव रस्त्यानं धावायचा. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला असता, तर त्याची भरती तिथंच संपली असती. त्याची आई आमच्या ओट्यावर येऊन बसली, पाणीसुद्धा न पिता उठून गेली. जाऊबाईंचा जबाब सोमवारी व्हायचा होता.

आता तो दुपट्टा. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांना टोपी-दुपट्टा देऊन मान करतात. उन्हाळ्यातल्या एका मोठ्या लग्नात सगळ्या बाप्यांना एकाच गठ्ठ्यातले पोपटी काठाचे दुपट्टे मिळाले होते. अर्धं गाव तोच बांधून हिंडत होतं. हे मी जाऊबाईंना सांगून पाहिलं. जाऊबाई म्हणाल्या, दुपट्ट्यावरून नाही, चालीवरून ओळखला.

आणि इथं मी कान टवकारले. पहिल्या दिवशी त्यांना फक्त पाठ दिसली होती. शेजारणीला सांगताना चाल आली. माहेरी फोनवर सांगताना तर त्यानं वळून पाहिलं आणि तो हसला. दर वेळी चोर थोडा थोडा पुरा होत होता, आणि जाऊबाईंचा आवाज अधिक ठाम. माझ्या पुस्तकातला अख्खा धडा चुलीपुढं बसून भाकरी थापत होता.

मग मी नाटक बसवलं. नायक म्हणून निवड झाली माझ्या भासऱ्यांची, म्हणजे खुद्द जाऊबाईंच्या नवऱ्याची. भासऱ्यांशी मी तोंड वर करून बोलत नाही, त्यामुळे तालीम माझ्या नवऱ्यामार्फत झाली. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी वांगी निवडत बसलो. मी सहज बोलून ठेवलं, की शेजारचे भाऊजी त्यांचं भाजीचं कॅरेट न्यायला येणार आहेत. थोड्या वेळानं डोक्याला पोपटी दुपट्टा बांधलेला एक माणूस मागच्या दारानं आला, तोंड झाकलं जाईल असं कॅरेट आमच्या बाजूच्या खांद्यावर घेतलं आणि गोठ्याकडून निघून गेला.

"कोण होतं, बाई?" मी विचारलं.

"कोन म्हंजे? शेजारचे भाऊजी. कसा मानूस हाय पाह्य, बोलला नाई, नुसता माह्याकडे पाहून हासला."

तेवढ्यात गोठ्याच्या दारात भासरे येऊन उभे राहिले. खांद्यावर तेच कॅरेट, दुपट्टा हातात. हसणं त्यांना जन्मात जमलेलं नाही, तेव्हाही जमलं नाही.

खरं सांगते, मी टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. हात वर झालेच नाहीत. जिच्याबरोबर त्यांनी सगळा संसार केला, त्या बाईला ते ओळखू आले नव्हते, आणि ती खोटंही बोलत नव्हती. ते हसू तिनं खरोखर पाहिलं होतं. मी सांगितलेल्या एका वाक्यातून तिच्या मनानं अख्खा माणूस घडवला, त्याला तोंड दिलं, तोंडावर हसू दिलं, आणि तिलाच पत्ता लागू दिला नाही. असंच मन माझ्याही डोक्यात बसलेलं आहे, आणि न्यायाधीशाच्याही.

मोटार आजवर सापडलेली नाही. सोमवारी ठाण्यात जाऊबाईंनी पाठ आणि दुपट्टा एवढंच सांगितलं, तोंड पाहिलं नाही म्हणाल्या. पोरगं अजून मालेगाव रस्त्यानं धावतं.

पण त्या संध्याकाळी अंगणात त्या कितीतरी वेळ हातातलं वांगं फिरवत बसल्या. नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मंग त्या दिवसी वावरात माह्याकडे पाहून हासलं कोन?"