दुसरी घागर

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण वैशाखातली ती लिंबाची बाग आजही आठवते.

पारोळा तालुक्यातल्या एका म्हातारीने धाकटा मुलगा हरवल्याची नोंद केली होती. दर सोमवारी ती ठाण्यात येऊन बाकावर बसायची. थोरला मुलगा सांगायचा, भाऊ सुरतेला पळाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात. सण झाल्यावर गावचा कुंभार मला हळूच म्हणाला, "साहेब, त्या घरमा बापनी एकच घागर जास. औंदा थोरला दोन लई गया."

एका कॉलेजकडून जमिनीखालचं दाखवणारं रडार आणवलं. चाकांवर पेटी, वर पडदा. ऑपरेटरने थोरल्याच्या लिंबाच्या बागेत चार फेऱ्या मारून मान हलवली. काळी माती ठिबकने ओली. लहरी खाली उतरेनात.

"पाणी तोडावं लागेल," मी थोरल्याला म्हणालो. बाजार समितीत गोण्या वाहून वाढलेला माणूस मी. तीन दिवस हवे होते, आठ मागितले.

"आठ घ्या, बठ्ठं बंद करा. पन विहिरजोडेना कोपरा राहू द्या. तठली झाडं नाजूक शेतस."

भर उन्हाळ्यात अख्खी बाग सोडणारा माणूस एका कोपऱ्याचा तासही देईना. माझं डोकं फिरलं. व्हॉल्व्ह बंद करून सील ठोकलं. सकाळी सील तुटलेलं. बागेत पाखरू नव्हतं, आणि तेवढ्या कोपऱ्यात टप टप चालू. मग शिपाई बसवला.

आठव्या दिवशी त्या कोपऱ्यात रडार फिरवलं. पडद्यावर मातीचे थर सरळ आले आणि माणसाच्या लांबीइतके तुटले.

ठाण्यात मी टेबलावर हात आपटला. थोरल्याने वर पाहिलं नाही. "बांधवरथून भांडन झायं. मी फावडं मारं. तो पानी मांगे, साहेब. मी दिधं नही. तैपासून तठलं पानी बंद करवतच नही."

तहसीलदारांसमोर खणलं. चार फुटांवर तो सापडला. बातमीत रडारशेजारी वरिष्ठांचा फोटो आला, प्रशस्तिपत्रही त्यांनाच. शिपायापासून वर चढलेल्या मला तो राग आजही आहे. माणूस काय कबूल करतो यापेक्षा काय सोडायला तयार नाही ते पाहावं, हे मी तिथे शिकलो. कागदावर ते कुणी लिहिलं नाही.

पंचनामा होईपर्यंत म्हातारी ती दुसरी घागर कडेवर घेऊन उभी होती. मग माझ्यापाशी आली.

"साहेब, आठ दिन मना पोरनं पानी तुम्हीन बंद कयं ना?"

ती वाकली आणि सगळी घागर खड्ड्यात ओतली.