ठसका न आलेल्या मिरच्या

शेजारची नऊ वर्षांची चिऊ माझ्या ओट्यावर बसून नाव लिहीत होती. अक्षरं ओळीवर थांबत नव्हती. कागद फाटला तरी ती खोडतच होती.

गेल्या वर्षी घसा धरून ताप आला, आणि तो उतरल्यावर आठ दिवसांत पोर बदलली. सारखे हात धुवायची, किंचाळायची. आमच्या आळीत दृष्ट काढायला मलाच बोलावतात. मीठमिरच्या उतरवून निखाऱ्यावर टाकल्या, ठसका आला नाही. मी तिच्या आईला ठासून सांगितलं, "सुमन, जबर दृष्ट आहे गं. दवाखान्याची घाई नको."

चार महिने दर शनिवारी मी मिरच्या जाळल्या. शेवटी सुमननं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, त्या घशाच्या तापामुळं मेंदूला सूज आली आहे, लवकर आणायला हवं होतं. आता औषधं चालू आहेत, पण पोर पहिल्यासारखी होईल की नाही, ते कुणी सांगत नाही. ज्याला मी अनुभव म्हणत आले, ती नुसती सवय होती. सुमन मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"आजी, दृष्ट काढ ना, म्हणजे अक्षर नीट येईल," चिऊ म्हणाली.

सुमन दारात गोळी घेऊन उभी होती.

"मला नाही गं येत ते," मी म्हटलं.