म्यूट्या आणि आईची खुर्ची

म्यूट्या हे नाव त्याला सख्ख्या आईनंच ठेवलं, तेही त्यानं पंचेचाळिशी गाठल्यावर. दिवसभर कानांवर हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप, आणि घरात कुणी काही विचारलं की हा नुसता पंजा दाखवणार: थांबा, मीटिंग चालू आहे. कामाला होता माल पोचवणाऱ्या एका कंपनीत. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून खोक्यांचे डोंगर पडद्यावर या गावातून त्या गावात हलवायचा. प्रत्यक्षात कित्येक वर्षांत एक खोकं उचललेलं नाही.

"खोक्याचं राहू द्या," बायको म्हणायची, "अहो, निदान स्वतःचा कप उचला."

आईचं ऑफिस म्हणजे खिडकी. तिथं तिची वेताची खुर्ची, आणि त्या खुर्चीतून अख्ख्या गल्लीचा कारभार. भाजीवाल्याच्या काट्यावर नजर, समोरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर शेरे, मधल्या वेळात सुनेला टोमणे. एक दिवस खुर्चीची बैठक फाटली आणि आई चौकटीत अडकली, गुडघे थेट हनुवटीला. दोघांनी दोन हात धरून तिला उपसून काढलं. तेव्हा तिघंही हसून हसून लोळले.

ते हसू फार टिकलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत आईची पाठ भरून यायची, सोफ्यातून उठता यायचं नाही. ती पलंगावर पडून राहायला लागली. भाजीवाल्याला हाका मारणं थांबलं, मग सुनेला बोलणंही.

"टोमणे बंद झालेत," बायको म्हणाली. "मला आता भीती वाटायला लागलीय."

"देऊन टाक भंगारवाल्याला ती खुर्ची," भिंतीकडे तोंड करून आई म्हणाली. "माझं आता बसायचं काय राहिलंय?"

म्यूट्यानं हेडफोन काढला. खुर्ची खांद्यावर टाकून तो तडक जुन्या बाजारात गेला. तिथं वेतवाले काका होते, पण दुकानात आता प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत.

"मी विणत नाही आता. बोटं ऐकत नाहीत," काका म्हणाले. "तुम्ही विणा. मी शिव्या घालतो."

दोघांनी आपापलं काम चोख केलं. वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून ओवायच्या, सुटू नयेत म्हणून भोकात खुंटी ठोकायची. आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी तिरप्या. तिरप्यांनीच बैठकीला खरा जोर येतो. पहिल्या दिवशी बोटं सोलवटून निघाली. म्यूट्या ती घरभर दाखवत फिरला, जणू बक्षीस मिळालंय.

"साहेब, ओढा की जरा. पापड वाळत घालताय का?" काका ओरडायचे, आणि हा लाजायचं सोडून खुदकन हसायचा. पडद्यावरची खोकी कधी संपत नसत. इथं मात्र काल विणलेली ओळ आज सकाळी जागच्या जागी असायची. तो तिच्यावरून उगाच हात फिरवून बघायचा.

तिरप्या पट्ट्या त्यानं घरी घ्यायच्या ठरवल्या. लॅपटॉप स्टुलावर, खुर्ची समोर, कॅमेरा बंद, कान मीटिंगमध्ये आणि बोटं वेतात. पलंगावरच्या आईनं कूस बदलून तोंड इकडे केलं, हे त्यानं बघितलं आणि आणखी जोमात ओढायला लागला. शेवटची पट्टी बसली तेवढ्यात हेडफोनमधून मॅडमचा आवाज आला, "सगळ्यांनी कॅमेरे चालू करा बरं."

यानं पुढे वाकून कॅमेरा चालू केला आणि सरळ व्हायला गेला. डोक्याला हिसका बसला. खुर्ची त्याच्याबरोबर वर आली.

"तुम्ही कुठे आहात?" मॅडम म्हणाल्या. "मला खुर्ची दिसतेय."

"मीच आहे मॅडम. मी खुर्चीत विणला गेलोय."

हेडफोनची वायर बैठकीवर लोंबत होती आणि गड्यानं विणायच्या नादात सगळ्या तिरप्या पट्ट्या तिच्यावरून नेल्या होत्या. पडद्यावरच्या चौकोनांत एकदम जीव आला. कुणी म्हणालं, ओढून काढा. पण वायरीच्या एका टोकाला आवाज कमी-जास्त करायची डबी, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपची जाडजूड पिन. कुणी म्हणालं, वीण सोडा.

"वेत वाळत आलाय," म्यूट्या म्हणाला. "आता सोडला तर तुटेल."

"कुणाची आहे खुर्ची?" मॅडमनी विचारलं.

"आईची."

"हेडफोन कंपनीचा आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग मी काही बघितलेलं नाही. कापा."

बायको कात्री घेऊन उभीच होती. इतकी वर्षं या वायरीवर तिचा डोळा होता. तिनं दोन्हीकडून कचाकच कापली, उरलेला तुकडा विणीतून साप निघावा तसा सरसर निघाला. मॅडम पुढे बरंच काही बोलल्या. ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

म्यूट्यानं कडेची पट्टी बांधून घेतली आणि खुर्ची खिडकीशी ठेवली. आई न बोलावताच उठली. आधी तळहातानं दाबून बघितलं. मग सुनेचा दंड धरून टेकली, अर्धीच, सगळा भार पायांवर. वेत करकरला.

"नवा वेत आहे, बोलणारच," म्यूट्या घाईनं म्हणाला.

आईनं पाय उचलले. अंग सैल सोडलं. बैठक जराशी दबली आणि तिला तोलून तशीच राहिली. पडद्यावरची माणसं टाळ्या वाजवत होती, बिनआवाजाच्या. आई डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली, मग तिनं एकदा खिडकीबाहेर नजर टाकली.

"डावीकडे ढिली आहे," ती म्हणाली.

"घट्ट करतो ना. ऊठ जरा."

"उद्या कर," आई म्हणाली, आणि पाठ टेकून तिनं ऐसपैस मांडी घातली. "आज काही मी उठत नाही."