सरदार, ठमी आणि कृष्णरावांची शिस्त

सरलेने कृष्णराव फाळक्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते पाटावर बसून, दाढीच्या ब्रशने पिंजऱ्याची एकेक काडी झाडत होते. आत दोन मुनिया होत्या. झाडता झाडता ते त्यांना सांगत होते, की मोठ्या कचेऱ्या सगळ्या भोपाळला चालल्या आहेत, पण आपण इंदूर सोडायचं नाही. मुनिया ऐकून घेत होत्या.

भोपाळ राजधानीचं नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सरला उज्जैनहून शाळेतल्या नोकरीवर आली होती आणि स्नेहलतागंजात फाळक्यांच्या माडीवर तिने खोली घेतली होती. कृष्णराव संस्थानाच्या काळात फरासखान्यात होते. दरबारच्या गालिच्यांना सुरकुती पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, गालिचे गेले, कृष्णराव एका सरकारी गोदामात बाबू झाले. सुरकुतीवरचा राग मात्र त्यांनी सोबत आणला.

मुनियांच्या करमणुकीचीही त्यांनी अशीच व्यवस्था लावली होती. झोपाळा, घुंगरू आणि आरसा, तिन्ही सारख्या अंतरावर. सकाळी साफसफाई, मग बातम्या, मग बँडची एक धून शिटीवर. धून रोज तीच. मादीचं नाव ठमी, नराचं सरदार. ठमीने तळाच्या कागदाचा कोपरा कुरतडला की कृष्णराव लगेच कागद बदलत. गवताची काडी आत पडली की चिमट्याने बाहेर.

श्रावणात सरदारला टक्कल पडायला लागलं.

आधी डोक्यावरचं पीस गेलं, मग मानेवरचं. ठमी त्याच्याजवळ सरकायची आणि टचकन एक पीस उपटायची. सरदार हलायचा नाही. थोड्याच दिवसांत मानेला जखम झाली. कृष्णरावांनी काजळाची तीट लावली, साफसफाई दोनदा सुरू केली. शेवटी पिंजरा घेऊन सराफ्यामागच्या, पाखरं विकणाऱ्या चिडीमाराकडे गेले. त्याने पाहिलं आणि हात जोडले.

"भियाजी, ये तो मियाँ-बीवी का मामला है. मैं बीच में नहीं पड़ता."

मग कृष्णरावांनी दोघांना वेगळं केलं. ठमी मोठ्या पिंजऱ्यात, सरदार लहान्यात. सरदारने दाणे खाणं जवळजवळ सोडलं. तो फुगून एका कोपऱ्यात बसला. एकत्र ठेवावं तर ती त्याला सोलते, वेगळं ठेवावं तर तो उपाशी मरतो. कृष्णराव दोन्ही पिंजऱ्यांच्या मधे बसून राहू लागले. त्यांचंही जेवण कमी झालं.

"अहो, पाखरू ते," त्यांच्या पत्नी मंगलाकाकू म्हणाल्या.

"पाखरू नाही, सरदार आहे," कृष्णराव म्हणाले आणि ताटावरून उठले.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आरास मांडायला काकूंनी सरलेला खाली बोलावलं. लाकडी हत्ती, चिनी मातीची फळं, मण्यांचे मोर असं सगळं मांडून झालं तरी डावी बाजू उघडी दिसत होती.

"मोठा पिंजरा ठेवू इथं," काकू म्हणाल्या. "सरदारलाही आत टाकते. एकटी ठमी देवीपुढं बरी नाही दिसत."

"आणि काका?"

"ते कचेरीत. संध्याकाळपर्यंत काढून घेऊ, त्यांना पता पण लागणार नाही."

संध्याकाळी बायका आल्या त्या आल्याच. हळदीकुंकू, गप्पा, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाची जाऊबाई. पिंजऱ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. पुढच्या आळीतल्या आनंदीबाई ओटी घेता घेता थांबल्या.

"मंगला, धाकटीच्या गळ्यातलं वस्त्र कुठं गं गेलं?"

सगळ्यांनी पाहिलं. धाकट्या महालक्ष्मीची कापसाची वस्त्रमाळ पिंजऱ्याच्या गजातून आत चालली होती. एक टोक देवीच्या खांद्यावर, दुसरं ठमीच्या चोचीत. शेजारच्या दूर्वांची जुडी तर आधीच आत पोचली होती. झोपाळ्यावर दूर्वा, घुंगरात दूर्वा, आरशामागे कापूस. सरदार एकेक काडी उचलून ठमीला देत होता.

"अगंबाई, देवीचं वस्त्र!" काकूंनी तोंडावर हात ठेवला.

"काही नाही होत," आनंदीबाई म्हणाल्या. "माहेरवाशिणीनं दिलं, हिनं घेतलं. दुसरं घाल."

नेमके तेव्हाच कृष्णराव दारात आले. एका पिंजऱ्यात दोघं, वर हा उकिरडा. बायकांच्या गर्दीतून वाट काढत ते सरळ पुढे गेले आणि पिंजऱ्याचं दार उघडून त्यांनी हात आत घातला.

"काका, थांबा," सरला म्हणाली. "तिच्या चोचीत बघा."

"कचरा आहे!"

"हो. पण पीस नाही."

कृष्णरावांचा हात पिंजऱ्यातच राहिला. ठमीने त्यांच्या अंगठ्याला वळसा घातला, दूर्वेची काडी घेतली आणि सरदारच्या अंगावरून वर गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. तिला वेळ नव्हता. थोड्या वेळाने सरदार खाली उतरला आणि वाटीतले राळे खाऊ लागला.

"म्हणजे हिला काम पाहिजे होतं," कृष्णराव म्हणाले.

"अन् तुम्ही रोज ते झाडून टाकत होता," काकू म्हणाल्या. "आता हात काढा, बायका खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना पसारा करायला शिकावं लागलं. हे त्यांना जड गेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी गवताच्या काड्या सारख्या लांबीच्या कापून ओळीने लावल्या. ठमीने त्या पाहिल्या आणि ती पुन्हा सरदारच्या पिसांकडे वळली. मग सरलेने त्यांना गाठी मारून, गुंता करून दाखवला. "मास्तरीणबाई, हे शाळेत शिकवता?" त्यांनी विचारलं, पण गुंता शिकून घेतला. कधी काथ्या, कधी केळीचं सोपट, कधी राळ्याचं कणीस उलटं टांगून. बातम्या आणि शिटी त्यांनी स्वतःसाठी चालू ठेवल्या.

सरदारची मान दिवाळीपर्यंत भरून आली. पुढे पिल्लं झाली तर कापसात त्यांचे पाय अडकतात, हे कळल्यावर कापूस बंद झाला.

हल्ली कृष्णराव निवृत्त आहेत. रोज सकाळी पोलोग्राउंडच्या बाजूला फिरायला जातात आणि येताना पिशवीभर गवत घेऊन येतात.