जुन्या मापाचा स्वेटर

दवाखान्यात माझ्या बायकोच्या समोरच्या खाटेवर आजारानं पार सुकलेले, चर्चचे एक पाळक आहेत. त्यांची बायको उशाशी बसून त्यांच्यासाठी नाताळचा स्वेटर विणते, तोही जुन्या मापाचा. मला कुतूहल वाटलं.

“ढगळ होईल ना, ताई?”

“आत्ता होईल. नाताळपर्यंत भरतील हे.”

“नाही भरलो तर दोघं मिळून घालू,” पाळक पुटपुटले.

जे अंग आज दिसत नाही त्याच्या मापानं विणायचं, यालाच विश्वास म्हणत असतील का? खरं सांगतो, मी रोज माझ्या बायकोसाठी ‘प्रभू, हिला बरं कर’ म्हणतो आणि मनात हिच्याशिवायचं घर लावत बसतो. हिला पुढचं काय दिसतं, हे विचारलंच नव्हतं.

आज विचारलं, “नाताळच्या करंज्या कोण करणार?”

“मीच. तुम्ही नारळ खवा,” ती म्हणाली, “आणि मधेच खाऊ नका.”