कोऱ्या सोडलेल्या ओळी

सुलभाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सरोजिनी नगरच्या मेट्रो स्टेशनवर उभी होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं... आता त्यांना कधीच कळणार नाही. पाच आठवडे झाले, त्या सुटकेचीच भीती वाटते.

आम्हा दोघींचं संशोधन लष्करी छावणीतल्या जवानांच्या बायकांवर होतं. फोन करून वेळा ठरवायचे मी, बोलायला एकट्या ताई जायच्या. मग लक्ष्मीबाई नगरच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये हेडफोन लावून त्या प्रत्येक मुलाखत वहीत उतरवायच्या. एखादी बाई "हे लिहू नका हं" म्हणाली, की तेवढ्या ओळी कोऱ्या सोडायच्या. ऑफिसात या उतरवण्यासाठी एआय वापरावं का, यावर रोज वाद व्हायचा आणि मी हट्टाने त्याच्या बाजूने.

"ताई, दोन महिन्यांचं काम दुपारभरात होतं. बिल्कुल चुकत नाही."

"चुकेल याची भीती नाहीच गं मला. ते सगळं लिहून काढेल ना, त्याची आहे."

त्या आजारी पडल्या, अहवालाची तारीख अंगावर आली आणि मी त्यांना न विचारता सगळी रेकॉर्डिंग एआयला देऊन टाकली. हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा क्षीण आवाजात म्हणाल्या, "उतरवते आहेस ना? घाई करू नकोस." मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही.

परवा त्यांच्या मुलीने वही आणि हेडफोन आणून दिले. साताऱ्याकडच्या एका बाईच्या मुलाखतीत मध्येच चार ओळी कोऱ्या होत्या, समासात ताईंचं अक्षर... 'तिचं आहे, तिच्याकडेच राहू दे.' लॅपटॉपवर एआयने नेमकं तेच शब्द न शब्द उतरवलं होतं. नवऱ्यापासून इतकी वर्षं लपवलेलं, वर ठळक मथळा देऊन. मी फाइल पुसली. पण ते आणखी कुठे साठलंय, उद्या कुणासमोर येईल, हे मला कोण सांगणार?

काल धीर करून त्या बाईला फोन लावला. आवाज ओळखून तिने आधी ताईंचीच चौकशी केली. त्या गेल्याचं मी सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "लई जीव लावला होता त्यांनी. म्हणजे... माझं ते आता कुणालाच ठाऊक नाही ना?"

वही समोर उघडी होती. कोऱ्या ओळींवर हात ठेवून मी "नाही" म्हटलं.