पाटचारीपाशी बंद पडणारी गाडी

माझे यजमान गेले तेव्हा त्यांची ॲम्बेसेडर दारातच उभी होती. बॉनेट उघडं होतं आणि आत लाल वायरींचं जाळं.

त्या दुपारी ते पपईच्या शेतातून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि छातीवर हात ठेवून आडवे झाले. गाडीकडे कुणी पाहिलंही नाही. शेजाऱ्यांची पिकअप आली, मागच्या हौद्यात गोधडी टाकली आणि शहाद्याला नेलं. दवाखान्याच्या पायऱ्या त्यांनी पाहिल्याच नाहीत. तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर सासूबाई दाराशी उभं राहून म्हणाल्या, "ती गाडी मन्हा पोऱ्याले खाई गई." मला त्यात खोटं काढता येत नव्हतं आणि खरंही मानता येत नव्हतं.

गाडी मूळची सासऱ्यांची. आमचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही तिच्यातून काठी गावाची होळी बघायला निघालो होतो. सातपुड्याच्या चढावर ती गुदमरायला लागली, काळा धूर सोडायला लागली आणि शेवटी एका वळणावर उभीच राहिली. पेट्रोलच्या वासानं मला मळमळत होतं. काठीचे ढोल आम्ही लांबूनच ऐकले आणि परत फिरलो. ती गोष्ट यजमानांच्या मनात राहून गेली असणार. पुढे इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्बोरेटर झिजला, त्याचे सुटे भाग मिळेनात, तेव्हा त्यांनी ठरवलं की कार्बोरेटर काढूनच टाकायचा आणि नव्या गाड्यांसारखं इंजेक्शन बसवायचं.

ते साखर कारखान्यात वायरमन होते. मोटारीचे मेकॅनिक नव्हते. पण वीज कळत होती, आणि त्यांचं म्हणणं असं की इंजेक्शन म्हणजे निम्मी वीजच. जुन्या पद्धतीत इंजिन आपल्या ओढीनं पेट्रोल घेतं. नव्या पद्धतीत टाकीतला पंप ते दाबानं पाठवतो आणि एक छोटा कॉम्प्युटर किती सोडायचं ते ठरवतो. सुरतच्या भंगार बाजारातून त्यांनी एका मोडलेल्या गाडीचा सगळा संच आणला. टाकीला वरून भोक पाडून आत पंप बसवला. इंजिनाचे फेरे कॉम्प्युटरला मोजता यावेत म्हणून शहाद्याच्या लेथवाल्याकडून दातेरी चक्र कापून घेतलं. वायर मात्र घरात होती तीच वापरली, लाल रंगाचं एकच मोठं बंडल. त्यामुळे कुठली वायर कुठे जाते हे डोळ्यांनी कळायचा मार्गच नव्हता.

म्हणून मी लागायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेतून आले की साडी खोचून गाडीत बसायचं, वायरीच्या टोकाला मीटरची सुई टेकवायची. दुसरं टोक त्यांच्याकडे, बॉनेटमध्ये. वायर तीच असली की मीटर पी करून वाजायचं.

"वाजनं का?" ते तिकडून विचारायचे.

"वाजनं."

असं कितीतरी संध्याकाळी. आमच्या संसारात आम्ही एकमेकांशी फार बोलणारे नव्हतो. पण त्या वर्षी ते 'वाजनं का' आणि माझं 'वाजनं' एवढ्यावर मी दिवसभर खूश असायचे.

गाडी सुरू झाली ती पहिल्या चावीला. धूर नाही, वास नाही. ते हसले आणि म्हणाले, "आते देख, काठीना घाट कशी चढस ती." मग आम्ही शहाद्याच्या रस्त्याला लागलो आणि पाटचारीच्या पुलाजवळ गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. थोडा वेळ थांबलो, पुन्हा सुरू झाली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. कधी पुलाच्या अलीकडे, कधी पलीकडे, पण तिथेच. थांबलं की परत चालू.

त्यांना वाटलं, काहीतरी तापतंय. ठिणगी देणारी कॉइल बदलली. पाण्याचं तापमान कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर बदलला. मग वायरींवर शंका आली. प्रत्येक सांधा उघडून पुन्हा कथलाचा डाग दिला. पेट्रोलचा दाब त्यांनी कुणाचं तरी मीटर आणून अंगणात तपासला होता, तो बरोबर होता. म्हणून त्या बाजूला ते पुन्हा गेलेच नाहीत. हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं. "मन्हंच काही तरी चुकनं," एवढंच म्हणायचे. गावात लोक विचारायचे, काय, कुठपर्यंत गेली गाडी? ते हसून बाजूला व्हायचे. तशातच ती दुपार आली.

वर्षश्राद्धाला माझे दीर सुरतहून आले. ते तिथे कापडाच्या कारखान्यात मागांची देखभाल करतात. सासूबाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं की गाडीचा निकाल लाव. ते अंगणात गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "वहिनी, जुना कार्बोरेटर बसाडी देऊ आनि ईकी टाकू. कोनी तरी लई जाई."

मी म्हटलं, "भाऊ, विकायची तर विकू. पण त्यांनी जशी केली तशीच, चालती करून विकू. मला बघायचंय काय चुकलं होतं ते."

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

आधी वायरीच तपासल्या. मी गाडीत, ते बॉनेटपाशी. पहिल्यांदा त्यांनी तिकडून "वाजनं का?" म्हटलं तेव्हा माझ्या हातातली सुई खाली पडली. भावाभावांचा आवाज सारखाच होता, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. मी सुई शोधायचं निमित्त करून सीटखाली वाकले आणि जरा वेळ तशीच राहिले. मग वर आले आणि सांगितलं, "वाजनं."

दोन दिवस आम्ही तेच केलं. एकही वायर चुकीची निघाली नाही. एकही सांधा ढिला नव्हता. दीर शेवटी बॉनेटवर हात टेकून उभे राहिले. "वहिनी, यामा काहीच चूक नही शे," ते म्हणाले. "दादानी इतकं चांगलं काम करेल शे की माले हात लावाले जागा नही."

मला बरं वाटायला हवं होतं. पण मला यजमान आठवले, हातावर डाग पडलेले, डोकं खाली घातलेले. हे सांगणारा एखादा माणूस त्यांना तेव्हा भेटायला हवा होता.

मग दिरांनी सुरतच्या एका मित्राकडून दाबाचं मीटर मागवलं, लांब नळीचं. अंगणात लावलं तर काटा जागेवर. "उभ्या गाडीत काय दिसणार," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि मीटर समोरच्या काचेवर, माझ्या बाजूला, चिकटपट्टीनं पक्कं केलं. ते गाडी चालवणार आणि मी काट्यावर लक्ष ठेवणार.

आम्ही शहाद्याच्या रस्त्याला लागलो. केळीच्या बागा गेल्या, उसाचे ट्रॅक्टर मागे पडले. काटा हलत नव्हता. पूल दिसायला लागला आणि काटा थरथरला.

"भाऊ, काटा उतरी ऱ्हायना!"

काटा निम्म्यावर आला, आणखी खाली आला आणि गाडीनं तेच दोन आचके दिले. आम्ही पुलाशेजारी थांबलो. बघता बघता काटा पुन्हा वर चढू लागला.

तापण्याचा प्रश्नच नव्हता. पेट्रोलच पोहोचत नव्हतं.

घरी येऊन दिरांनी डिकीतलं झाकण उघडून पंप टाकीतून बाहेर काढला. पंपाच्या तोंडाशी जाळीची एक लहान पिशवी असते, पेट्रोल गाळून घ्यायला. ती विटकरी गाळानं लिंपली होती. टाकी जुनी, आतून गंजलेली. कार्बोरेटरला पेट्रोल थोडं थोडं लागायचं, तेव्हा गंज तळाशी पडून राहायचा. हा पंप पेट्रोल सारखं ओढतो आणि उरलेलं परत टाकीत सोडतो. त्यानं तळ ढवळला जायचा आणि काही अंतर गेलं की गंज जाळीला जाऊन चिकटायचा. गाडी थांबली की तो खाली गळून पडायचा. एवढंच होतं. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी पिशवी.

दिरांनी ती वर धरली, बोटांनी चोळली. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "दादाले सांगनं पडी, वहिनी," ते बोलून गेले.

आणि मग काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते तिथेच डिकीच्या कडेवर बसले, हातात ती पिशवी, आणि रडायला लागले. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांची नजर मात्र गाडीवर होती.

टाकी शहाद्याहून धुऊन, आतून लेप देऊन आणली. नवी जाळी बसवली. त्या दिवशी पूल आला तेव्हा मी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून बसले होते. गाडी पुलावरून सरळ निघून गेली. मला वाटलं होतं, मी हसेन. पण त्यांनी आपल्या हातांनी उभी केलेली गाडी त्यांना या रस्त्यावरून पुढे कधी नेता आली नव्हती, हे मनात आलं आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दिरांनी वेग कमी केला, पण थांबले नाहीत. बरं झालं थांबले नाहीत.

विकायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सुरतला परत जाण्याआधी दिरांनी मला गाडी चालवायला शिकवलं, मळ्याच्या रस्त्यावर, सकाळी.

सासूबाई बरेच महिने तिच्यात बसल्या नाहीत. मग एकदा डोळे तपासायला शहाद्याला न्यायचं होतं आणि एसटी चुकली. त्या मागच्या सीटवर बसल्या, दाराच्या कडेला अंग चोरून. पाटचारी गेली, कारखान्याची चिमणी दिसायला लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आते बंद पडस का ती?"

"नही, माय."

चिमणी मागे पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या दिन शहादालगून जाती का?"

मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी गाडी शहाद्यापर्यंत पोचली असती का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की उत्तर तोंडपाठ होतं: पिकअप लगेच आली होती, डॉक्टर म्हणाले होते की कशातूनही आणलं असतं तरी काही झालं नसतं. मी तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, मला कळलं नाही. माझं मलाही पटलेलं नाही.

आता दर महिन्याला आम्ही दोघी जातो, डोळ्यांच्या औषधासाठी. त्या मागे बसतात, मी चालवते.